अकरावी-बारावीसाठी ॲडव्हान्स्ड इंग्लिश व्होकॅब: लिस्ट पाठ न करता कशी वाढवायची, एकेक पायरी

अकरावीच्या ॲडमिशन झाल्या की दरवर्षी एक प्रश्न ठरलेला, "व्होकॅब वाढवायचीय, कुठली लिस्ट पाठ करू?" आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या मोबाईलमध्ये तीन हजार शब्दांची एखादी पीडीएफ आधीच पडलेली असते, जिची पहिली दोन पानं वाचून झालेली असतात आणि ए-बी च्या पुढे गाडी गेलेली नसते. सगळं ज्ञान "अबेट, ॲबरेशन, ॲबहॉर" इथपर्यंत.

तर आधीच सांगतो, ती पीडीएफ डिलीट करा. असल्या बऱ्याच लिस्टा जुन्या परीक्षांच्या हिशोबाने बनलेल्या आहेत. अमेरिकेतल्या एसएटी या कॉलेज प्रवेश परीक्षेमध्ये पूर्वी गाळलेल्या जागी अवघड शब्द भरायचे प्रश्न यायचे, ते २०१६ मध्येच बंद झाले, आता तिथेही छोटा उतारा देऊन त्याच्या संदर्भावरूनच शब्द किंवा त्याचा अर्थ ओळखायला लावतात. पण लिस्टा मात्र व्हॉट्सॲपवर अजून फिरतायत. दुसरं म्हणजे २०१७ मध्ये शशी थरूर यांनी ट्विटमध्ये "फरागो" (म्हणजे सरमिसळ, खिचडी) शब्द वापरला आणि सगळा देश डिक्शनरी उघडून बसला, तेव्हापासून पोरांना वाटतं ॲडव्हान्स्ड इंग्लिश म्हणजे असंच काहीतरी. नाही हो. फरागो शब्द आयुष्यात एकदाही वापरला नाही तरी तुमचं काही अडणार नाही. पण "असेस" आणि "ॲक्सेस" यात गोंधळ झाला तर पदोपदी अडणार.

आधी ठरवा, कुठले शब्द हवेत

इंग्लिश शब्दांचे ढोबळमानाने तीन थर धरा. पहिला रोजच्या बोलण्यातला, हाऊस, वॉटर, हॅपी वगैरे. हे साधारण दोन हजार शब्द, मायकेल वेस्ट नावाच्या माणसाने १९५३ मध्येच अशी यादी छापली होती, आणि दहावीपर्यंत यातले बहुतेक आलेले असतात. तिसरा थर म्हणजे विषयाचे शब्द, फोटोसिंथेसिस, फ्रिक्शन, डेबिट. यांची काळजी करू नका, ते पुस्तकातच समजावलेले असतात आणि सर पण फळ्यावर लिहून देतात.

खरी गोम मधल्या थरात आहे. अझ्यूम, डिराइव्ह, सिग्निफिकंट, कॉन्स्टिट्यूट, व्हेरी ("खूप" वाला नाही, बदलणे वाला). हे शब्द कुठल्याच एका विषयाचे नाहीत म्हणून कुठलाच सर शिकवत नाही, आणि प्रत्येक विषयात येतात म्हणून सगळीकडे अडवतात. मराठी मीडियममधून अकरावी सायन्सला आलेल्या पोराला फिजिक्सच्या पुस्तकात "अझ्यूमिंग फ्रिक्शन टू बी नेग्लिजिबल, डिराइव्ह ॲन एक्स्प्रेशन" असं वाक्य आलं की तो फ्रिक्शनला अडत नाही, घर्षण त्याला चांगलं माहितीये. तो अडतो नेग्लिजिबल (नगण्य) आणि डिराइव्हला (सूत्र काढून दाखवणे). आणि मग त्याला वाटतं आपलं फिजिक्स कच्चं आहे! सेमी इंग्लिशवाल्यांचं पण थोड्याफार फरकाने हेच, त्यांना नुसती सवय असते शब्द बघायची, अर्थ विचारला की "म्हणजे ते असं... डिराइव्ह करायचं".

या मधल्या थराची एक चांगली यादी आहे, ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली केलेली, त्यात ५७० शब्दकुटुंबं आहेत, म्हणजे ॲनालाइज घेतला की ॲनालिसिस, ॲनालिटिकल, ॲनालिस्ट हे सगळे त्यातच. कॉलेजच्या पुस्तकातला साधारण दर दहावा शब्द या यादीतला असतो. नेटवर फुकट मिळते. दहा भाग आहेत, पहिल्या भागात सगळ्यात जास्त वापरले जाणारे ६० आहेत, तिथून सुरू करा. आता म्हणाल लिस्ट नको म्हणालात आणि परत लिस्टच दिली, तर ही पाठ करायला नाहीये, ही चाळणी म्हणून वापरायची. वाचताना शब्द अडला, यादीत बघितला, सापडला तर वहीत घ्यायचा. यादीत नाही आणि महिनाभरात परत कुठे दिसला पण नाही, तर सोडून द्यायचा. एवढंच तिचं काम.

मग आपण कुठे आहोत ते तपासा

हे दहा मिनिटांचं काम आहे. स्वतःच्याच पुस्तकातला एखादा न वाचलेला पॅराग्राफ घ्या, साधारण शंभर शब्दांचा, आणि पेन्सिलने दोन प्रकारच्या खुणा करा. अजिबात माहीत नाही त्याला गोल. "बघितलाय पण सांगता येणार नाही" त्याला खाली रेघ. बहुतेकांच्या पानावर गोल कमी आणि रेघा जास्त निघतात, आणि या रेघा म्हणजेच तुमचं पहिल्या दोन महिन्यांचं काम, कारण अर्धवट माहीत असलेला शब्द पक्का करायला नव्या शब्दापेक्षा कमी वेळ लागतो. गोल शंभरात दोन-तीन असतील तर ते पुस्तक वाचायला ठीक आहे. सात-आठ असतील तर अभ्यासाला चालेल, पण आवडीने वाचायला त्याहून सोपं काहीतरी घ्या, नाहीतर चार दिवसांत कंटाळा येईल.

एका शब्दाला एक पान

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून जरा सावकाश. बहुतेक पोरांच्या वहीत डावीकडे इंग्लिश शब्द, बरोबरचं चिन्ह, उजवीकडे मराठी अर्थ असतो. ही वही परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायला बरी, पण त्यातून शब्द तोंडात येत नाही.

त्याऐवजी दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक शब्दाला पान द्या, निदान अर्धं तरी. उदाहरण म्हणून "सस्टेन" घेऊ. सगळ्यात वर शब्द जिथे भेटला ते पूर्ण वाक्य उतरवायचं, समजा पेपरात आलं, "द ड्रायव्हर सस्टेन्ड सिरियस इंज्युरीज". त्याखाली मराठी अर्थ, पण त्या वाक्यातला, म्हणजे "ड्रायव्हरला गंभीर जखमा झाल्या". नुसतं डिक्शनरीतलं "टिकवून धरणे" लिहिलं असतंत तर ड्रायव्हरने जखमा टिकवून धरल्या असा अर्थ झाला असता!

मग त्याचे सोबती शोधायचे. सस्टेन इंज्युरीज, सस्टेन लॉसेस, सस्टेन ग्रोथ, सस्टेन्ड एफर्ट. इथे कळतं की या शब्दाची दोन कामं आहेत, एक सोसणं आणि दुसरं टिकवणं. इंग्लिश कोर्ट ड्रामा बघत असाल तर तिसरंही ऐकलं असेल, जज म्हणतो "सस्टेन्ड", म्हणजे वकिलाची हरकत मान्य. मग कुटुंब, सस्टेनेबल, सस्टेनेबिलिटी, सस्टेनन्स. शेवटी तुमचं स्वतःचं एक वाक्य, तुमच्या आयुष्यातलं, पुस्तकी नको. माझ्याकडच्या एका मुलीने लिहिलं होतं की आमच्या गावातली विहीर एप्रिलनंतर तीनशे लोकांना सस्टेन करू शकत नाही. हे वाक्य लिहिणाऱ्याला तो शब्द परत बघावा लागत नाही.

एवढं करायला सुरुवातीला दहा मिनिटं लागतात, सवय झाली की चार-पाच. म्हणूनच दिवसाला पाचच शब्द. पोरं पंचवीस ठरवतात, बुधवारपर्यंत करतात आणि गुरुवारी बंद. पाच शब्द, आठवड्यातून पाच दिवस, दिवाळी, गणपती, युनिट टेस्ट वगळून वर्षात तीस आठवडे जरी मिळाले तरी साडेसातशे होतात, म्हणजे ती ५७० ची यादी सगळी संपून वर उरतात.

डिक्शनरी दोन लागतात

इंग्लिश-मराठी डिक्शनरी वाईट असं काही मी म्हणणार नाही, पहिला अंदाज यायला तीच बरी. पण तिथेच थांबू नका. दुसरी हवी लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्लिश मातृभाषा नसलेल्यांसाठी केलेली. ऑक्सफर्डची ॲडव्हान्स्ड लर्नर्स आहे ना, ती मुळात ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमधल्या विद्यार्थ्यांसाठी केली होती, १९४२ मध्ये टोकियोला छापली. त्यामुळे अर्थ सोप्या इंग्लिशमध्ये असतात आणि शब्द वाक्यात कसा बसतो ते दिलेलं असतं. ऑनलाइन फुकट आहे. केंब्रिजची पण आहे, तिच्यात बऱ्याच शब्दांपुढे ए१ (सगळ्यात सोपी) ते सी२ (सगळ्यात अवघड) अशी लेव्हल दिसते. तुम्हाला बी२ आणि सी१ वाले शब्द गोळा करायचेत, सी२ च्या मागे आत्ता लागू नका.

आणि स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून उच्चार ऐकाच, तीनदा मोठ्याने म्हणा. आपण स्पेलिंगवरून उच्चार करतो आणि तिथे फसतो. डिटरमाइन नाही, डिटर्मिन. एपिटोम नाही, एपिटमी. हायपरबोल नाही, हायपर्बली. सटलमध्ये बी ऐकूच येत नाही. शिवाय जोर कुठे द्यायचा ते, फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या अक्षरावर आणि फटॉग्रफीमध्ये दुसऱ्यावर, शब्द तोच पण सूर पूर्ण बदलतो. हे वहीत लिहिताना जोराच्या अक्षरावर फक्त एक टिंब द्या, फोनेटिक चिन्हं शिकत बसायची गरज नाही.

मुळं शिका, आपल्याला तर ती निम्मी माहितीच आहेत

लॅटिन-ग्रीक मुळं शिका असं सगळेच सांगतात, पण मराठी पोरांना यात एक आयता फायदा आहे जो कोणी सांगत नाही. १७८६ मध्ये विल्यम जोन्स यांनी कोलकात्याला एशियाटिक सोसायटीच्या भाषणात सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघालेल्या असाव्यात. त्यामुळे डेंटलमध्ये दंत आहे, पेडल आणि पेडेस्ट्रियनमध्ये पद, इग्नाइटमध्ये अग्नी, मॉर्टल आणि मॉर्च्युरीमध्ये मृत, नॉव्हेल्टी आणि इनोव्हेशनमध्ये नव, ऑक्टोपसमध्ये अष्ट, नॉमिनेटमध्ये नाम, जेनरेशनमध्ये जन. इम्मॉर्टल म्हणजे अमर, आता हा विसरून दाखवा.

मघाचा सस्टेन घ्या. त्यातलं "टेन" लॅटिनमध्ये धरणे. मग कंटेन म्हणजे आत धरणे, रिटेन म्हणजे स्वतःकडे धरून ठेवणे, डिटेन म्हणजे अडकवून ठेवणे, मेंटेन म्हणजे मुळात हातात धरणे, मॅन्युअलमधला हात तोच. एका मुळातून पाच शब्द, वहीत पानाच्या तळाशी लिहून टाका. सुरुवातीला अशी वीस-पंचवीस मुळं पुरेत: स्पेक्ट म्हणजे बघणे, डिक्ट म्हणजे बोलणे, स्क्राइब म्हणजे लिहिणे, पोर्ट म्हणजे वाहून नेणे, बेने म्हणजे चांगलं, मॅल म्हणजे वाईट.

फक्त मुळावरून अर्थ ओढूनताणून काढू नका. पेडॅगॉजीमधला पेड पायाचा नाही, तो ग्रीकमधला मूल या अर्थाचा. इनफ्लेमेबल म्हणजे न पेटणारं नाही, चांगलंच पेटणारं, टँकरच्या मागे लिहिलेलं असतं. इनव्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल नाही, अनमोल. मूळ हे लक्षात ठेवायला, अर्थ ठरवायला डिक्शनरीच.

वाचायचं काय

"रोज हिंदूचा एडिटोरियल वाचा" हा सल्ला दहावी झालेल्या पोराला देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं. यूपीएससीवाल्यांचा सल्ला तो. तुम्ही आधी खेळाचं पान घ्या, मॅच तुम्ही बघितलेली असते त्यामुळे कोण जिंकलं ते माहिती असतं आणि कोलॅप्स, मोमेंटम, कन्सीड, रिझिलियंट असले शब्द आपोआप कळतात. मग इंडियन एक्सप्रेसचं एक्सप्लेन्डचं पान, तिथे भाषा सरळ असते आणि प्रश्नोत्तरासारखी मांडणी असते. एडिटोरियल नंतर, चार-सहा महिन्यांनी.

एक युक्ती मात्र आजपासूनच करता येईल. एकच बातमी आधी मराठी पेपरात वाचा आणि मग इंग्लिशमध्ये. डिसेंबर २०२३ मधली कांदा निर्यातबंदी आठवते? लासलगावच्या लिलावाची, आंदोलनाची बातमी घरात सगळ्यांनी वाचली होती. तीच इंग्लिशमध्ये उघडली की "इम्पोज" म्हणजे लादणे, "कर्ब" म्हणजे आळा घालणे, "लेव्ही" म्हणजे कर लावणे, "ग्लट" म्हणजे बाजारात माल तुंबणे, "होर्डिंग" म्हणजे साठेबाजी, हे न बघताच लागतं. होर्डिंगला तर गंमत वाटेल कारण आपल्याला होर्डिंग म्हणजे चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स माहिती, दोन्हींचं स्पेलिंग एकच आहे, कुठलं ते वाक्यावरूनच कळतं. विषय डोक्यात असला की भाषेला जागा मिळते, हे कुठल्याही बातमीला लागू, जुनी असो की आजची.

वाचताना प्रत्येक शब्दाला थांबू नका. पहिल्यांदा सरळ वाचा, दुसऱ्यांदा वाचताना खुणा, आणि डिक्शनरी शेवटी. कानासाठी बीबीसी लर्निंग इंग्लिशचं सिक्स मिनिट इंग्लिश आहे, बसमध्ये ऐकता येतं.

उजळणी, इथेच सगळे गळतात

वही भरली म्हणजे शब्द आला असं नाही. हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सगळ्यात जास्त सुरुवातीलाच उडतं, आणि उजळणी एकदम न करता अंतराअंतराने केली तर टिकतं. यावर कार्डांचा उपाय आहे, तो सेबास्टियन लाइटनर यांच्या नावाने ओळखला जातो. घरात जुन्या लग्नपत्रिकांचा ढीग असतोच, त्यांची कोरी बाजू कापून कार्डं करा, कागद जाड असतो, वर्षभर टिकतो. बुटाच्या खोक्यात पुठ्ठे लावून चार कप्पे करा. नवीन कार्ड पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. बरोबर आलं की दुसऱ्यात, तो तीन दिवसांनी. तिथून तिसऱ्यात, आठवड्याने. मग चौथ्यात, महिन्याने. कुठेही चुकलं की कार्ड परत पहिल्या कप्प्यात, दयामाया नाही.

कार्डावर नुसता शब्द लिहू नका. पुढच्या बाजूला गाळलेल्या जागेचं वाक्य आणि पहिलं अक्षर, मागे शब्द. म्हणजे पुढे "द ड्रायव्हर एस डॅश सिरियस इंज्युरीज" आणि मागे सस्टेन्ड. शब्द बघून अर्थ सांगणं सोपं असतं, वाक्य बघून शब्द काढणं अवघड, आणि पेपरात आणि बोलताना दुसरंच करावं लागतं. मोबाईलवरच करायचं असेल तर अशाच कार्डांचं अँकी नावाचं ॲप घ्या, अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड फुकट आहे, आयफोनवाल्याला पैसे पडतात. पण मोबाईल हातात घेतला की अँकीच उघडलं जाईल याची ज्याला खात्री असेल त्यानेच. बाकीच्यांना लग्नपत्रिका.

वापरायचं, पण जपून

रविवारी त्या आठवड्यातले पाच-सहा शब्द घेऊन दहा ओळी लिहा. विषय कुठलाही, कॉलेजचं कँटीन चालेल. बारावीला रिपोर्ट, समरी, अपील असले लेखनाचे प्रश्न असतातच, त्यात हे थेट उपयोगी, शिवाय २० मार्कांची तोंडी परीक्षा असते. नीट आणि सीईटीला इंग्लिशचा वेगळा पेपर नाही हे खरं, पण एनडीएच्या लेखी परीक्षेत इंग्लिशला २०० मार्क आहेत, आणि लॉच्या क्लॅटमध्ये तर सगळे उतारेच.

इथे दोन खड्डे आहेत. एक, थिसॉरसमधून, म्हणजे समानार्थी शब्दांच्या कोशातून, शब्द उचलणं. थ्रिफ्टी आणि स्टिंजी शेजारी-शेजारी छापलेले असतात, पण एक काटकसरी आणि दुसरा चिक्कू, निबंधात आजोबांना स्टिंजी म्हणालात तर आजोबा काय म्हणतील. दोन, मराठी क्रियापद इंग्लिशमध्ये नेणं. आपण परीक्षा देतो म्हणून "गिव्ह" लिहितो, इंग्लिशमध्ये परीक्षा टेक करतात. चर्चा "बद्दल" करतो म्हणून "डिस्कस अबाउट", तिथे अबाउट नकोच. जोराचा पाऊस म्हणून "स्ट्राँग रेन", तो हेवी असतो. म्हणूनच त्या पानावर सोबती शब्द लिहायला सांगितले. आणि लिहिलेलं कोणाला तरी दाखवा, मॅडमना, मोठ्या ताईला, कोणीच नसेल तर डिक्शनरीतल्या उदाहरणाशी ताडून बघा.

आईवडिलांना एक विनंती, पोराला पाहुण्यांसमोर "अवघड शब्द सांग बघू" करू नका. त्यापेक्षा चौथ्या कप्प्यातली दहा कार्डं घेऊन रात्री जेवणानंतर विचारा, उत्तर मागे लिहिलेलं असतं, इंग्लिश फार यायची गरज नाही.

बोर्डाच्या वर्षी जानेवारीपासून नवीन शब्द पूर्ण बंद. तेव्हा फक्त खोकं, रोज दहा मिनिटं, आणि तेही प्रिलिम चालू असताना जमलं नाही तर राहू दे, कार्डं कुठे पळून जात नाहीत. पेपर संपले की पहिल्या कप्प्यापासून एकदा सगळं चाळा, जी कार्डं सलग चौथ्यापर्यंत गेली ती रबर लावून कपाटात ठेवा, आणि उरलेल्यांवर नवीन वाक्य लिहा, कारण वर्षभर जो शब्द बसला नाही त्याचं वाक्यच बहुतेक वेळा पकडीत न येणारं निवडलेलं असतं.